निव्वळ वजन

विद्यापीठ आमच्या काट्यापासून सायकलीनं वीस मिनिटं.
तरी फॉर्मवर छापलं होतं: दूरशिक्षण.
खिडकीतल्या क्लार्कनं विचारलं, विषय?
मी म्हटलं, इतिहास.
मागं उभा असलेला पोरगा हसला नाही,
एवढं मला आठवतं.

पुस्तकं आली खाकी पाकिटातून.
भाग एक, सत्र पहिलं, घटक एक ते चार.
घरी म्हणाले, शिकून काय तोफा डागणार आता?
मी म्हटलं, तोफा घटक तीनमध्ये आहेत,
अजून तिथवर पोचले नाही.

गुळाचा हंगाम म्हणजे मार्केट यार्डात रात्रीचा दिवस.
ट्रक काट्यावर चढतो, केबिनची काच थरथरते,
आकडे धावतात, थांबतात.
भरलं वजन. रिकामं वजन. वजा जाता निव्वळ.
दोन ट्रकांच्या मधे जेवढा वेळ
तेवढंच माझं मध्ययुग.
चुकलेल्या पावत्यांच्या पाठीवर मी सनावळ्या लिहिते
आणि कधी घाईत
एखादा तह
ड्रायव्हरच्या खिशातून राजकोटला जातो.

संपर्क सत्र रविवारी. आम्ही अकराजण:
दूध संघाचा टँकरवाला, एक होमगार्ड,
हुपरीहून येणारी रेहाना, नखांत चांदीची पूड.
सरांनी विचारलं, इतिहासच का घेतला?
टँकरवाला म्हणाला, गणित नको म्हणून.
सगळे हसले, मीही.
माझी पाळी आली तेव्हा चहा आला.

चहानंतर सरांनी फळ्यावर लिहिलं: साधनं.
ताम्रपट, शिलालेख, बखर, कागद.
कागदाला विचारायचं, म्हणाले,
तुला कुणी लिहिलं, कुणासाठी,
आणि कोण कोण तुझ्यात नाही.

त्या ऑगस्टात पंचगंगा बापट कॅम्पात शिरली,
आमच्या कपाटाच्या दुसऱ्या फळीपर्यंत.
पुस्तकं पत्र्यावर वाळत घातली.
सत्तावन्नचा उठाव औद्योगिक क्रांतीला चिकटला
तो चिकटलाच.
भिंतीवर पाण्याची रेघ.
नवऱ्यानं डिस्टेंपरचा डबा उघडला,
मी म्हटलं, रेघ राहू दे, बोटभर तरी.
कशाला?
साधन आहे.
त्यानं ब्रश माझ्या हातात दिला,
मग साधन सोडून बाकीचं तूच रंगव.

हॉलतिकिटावर नाव आलं: मगदूम इंदुमती बाळगोंडा.
फोटो माझा, सही माझी, जन्मतारीख बरोबर.
लिंग: पुरुष.
एका कागदानं दुसऱ्या कागदाला खोटं ठरवायला
सतरा दिवस लागले.
हे कुठल्या घटकात नव्हतं.

पेपरला सोळा गुणांचा प्रश्न:
इतिहासाच्या साधनांची चर्चा करा.
ताम्रपट लिहिला. बखर लिहिली.
मग पेन थांबलं, आणि आठवली माझीच पावती.
तिच्यावर ट्रकचा नंबर आहे, पेढीचं नाव आहे,
वेळ मिनिटासकट.
ज्यानं अख्खा ट्रक पाठीवरून भरला
तो यल्लाप्पा कोरवी नाही.
भरल्या वजनात नाही, रिकाम्यात नाही,
तो हिशेबाआधीच वजा.
एवढं लिहिलं आणि पुरवणी मागितली.

सोळापैकी सात पडले.

काल रात्री अडीचला यल्लाप्पा
केबिनच्या पायरीवर तंबाखू मळत बसला होता.
मी म्हटलं, मामा, तुमचं पूर्ण नाव सांगा,
गाव कुठलं, कुठल्या सालापासून इथं?
तो चटकन उठून उभा राहिला.
तंबाखू मुठीत, मूठ पाठीमागं.
"काय चुकलं का ओ बाई माझं?"

मागं ट्रकचा हॉर्न.
मी पावती उलटी केली, पेनाचं टोपण काढलं.
"न्हाई ओ मामा," म्हटलं. "बसा."
तो उभाच.